आईचा फिस्टुला: तयार होईल की नाही, ते आधी कळतं का?

ज्यांच्या घरी कुणाचं डायलिसिस चालू झालंय किंवा डॉक्टरांनी "आता हात करून घ्या" असं सांगितलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. फिस्टुला म्हणजे ऑपरेशन करून हातातली एक शीर धमनीला जोडायची, म्हणजे ती मोठी होते आणि डायलिसिसच्या सुया तिच्यात टोचता येतात. "हात करणं" म्हणतात ते हेच. आईचा फिस्टुला आता नीट चालतोय. पण नोव्हेंबर ते मार्च या काळात घरात एकच विषय होता, हा हात तयार होणार की नाही, आणि ज्याला विचारावं तो म्हणायचा "बघू, वेळ लागतो". वेळ लागतो हे खरंच आहे. पण नुसतं थांबणं वेगळं आणि ठराविक वेळेला ठराविक गोष्टी तपासत थांबणं वेगळं, हे आम्हाला हळूहळू समजत गेलं. कुणीतरी हे आधीच एका जागी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं असं तेव्हा रोज वाटायचं, म्हणून तारखांसकट सगळं लिहून ठेवतेय.

आई ६१ वर्षांची, राहायला तासगावजवळ, शुगर वीस-एक वर्षांपासून, बीपी पण आहे. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कमी झालं की वाढतं ते, दोन वर्षं हळूहळू चढत होतं. जून २०२४ मध्ये किडनीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की डायलिसिस लागणार, आणि तेव्हाच डाव्या हाताकडे बोट दाखवून म्हणाले की आजपासून या हाताला सुई नाही, सलाईन नाही, बीपीचा पट्टा नाही. आई उजव्या हाताने काम करते म्हणून डावा राखायचा. पण ऑगस्टमध्ये तिला ताप आला, गावाजवळच्या एका छोट्या दवाखान्यात ॲडमिट केलं आणि आम्ही सांगूनही डाव्याच मनगटाला सलाईन लागलं, शीर सुजली, काढलं, परत तिथेच वर लावलं. घरी आली तेव्हा मनगटाजवळची ती शीर दोरीसारखी कडक झाली होती. याचा परिणाम पुढे दिसलाच. म्हणून क्रिएटिनिन वाढलेला पेशंट कुठेही ॲडमिट होत असेल तर राखलेल्या हातावर पेनाने मोठ्या अक्षरात लिहा "या हाताला सुई नको", आणि रक्त काढायचं असेल तर दुसऱ्या हाताच्या पंजाच्या मागच्या शिरेतून काढा म्हणून सांगा. लाजू नका, तीनतीनदा सांगा.

दसऱ्यानंतर आईला रात्री झोपता येईना, आडवी झाली की दम लागायचा, पाय सुजले. मिरजेला नेलं, त्याच रात्री मानेत नळी टाकून डायलिसिस केलं. दिवाळीच्या आधी ती तात्पुरती नळी काढून छातीच्या उजव्या बाजूला पर्मकॅथ, म्हणजे जास्त दिवस ठेवता येणारी डायलिसिसची नळी, बसवला, त्याचे २२,००० गेले. मंगळवार, गुरुवार, शनिवार असे वार ठरले. पर्मकॅथवर डायलिसिस चांगलं होतं, सुई टोचावी लागत नाही, त्यामुळे आई म्हणायला लागली की हेच राहू दे की, हात कशाला कापायचा. डॉक्टरांनी तिला शांतपणे समजावलं, ही नळी म्हणजे बाहेरून थेट हृदयापर्यंत उघडा रस्ता आहे, इन्फेक्शन झालं तर ते सरळ रक्तात जातं, आणि नळी जास्त दिवस राहिली तर आतल्या मोठ्या शिरा आकसतात. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, ड्रेसिंग ओलं होऊ द्यायचं नाही. आईला इन्फेक्शनपेक्षा आंघोळीचं जास्त लागलं असावं, ती तयार झाली.

१२ नोव्हेंबरला शिरांची डॉपलर सोनोग्राफी झाली, याला मॅपिंग म्हणतात. बाहेरच्या सेंटरला केली, २,५०० रुपये. फिस्टुला होईल की नाही याचा पहिला अंदाज इथे येतो. दंडाला रबरी पट्टा आवळून शिरा फुगवतात आणि मनगटापासून खांद्यापर्यंत प्रोब फिरवत शिरेची आणि धमनीची रुंदी मोजतात. साधारण हिशोब असा की धमनी किमान २ मिमी आणि शीर पट्टा बांधून किमान २ ते अडीच मिमी तरी पाहिजे. आईची मनगटाजवळची शीर १.८ मिमी निघाली, भिंत जाड झालेली, आणि मध्ये एका ठिकाणी तर बंदच. ऑगस्टचं सलाईन तिथेच लागलेलं. कोपराजवळची शीर २.७ मिमी आणि तिथली धमनी ३.९ मिमी. सर्जन म्हणाले, शक्यतो आधी मनगटावर करतो म्हणजे वरच्या जागा पुढच्यासाठी शिल्लक राहतात, पण इथे मनगटावर केला तर बंद पडण्याचीच शक्यता जास्त, कोपराला करू. कोपराचा फिस्टुला तयार होण्याची शक्यता मनगटापेक्षा जास्त असते, पण बोटांकडे जाणारं रक्त कमी होऊन हात गार पडण्याचा धोकाही तिथे जास्त, हे त्यांनी सही घेताना सांगितलं. मॅपिंगला जाताना एक करा, पेशंटला पाणी बेतानं असलं तरी डायलिसिसहून थेट नेऊ नका. अंगातलं पाणी नुकतंच काढलेलं असतं, शिरा बसलेल्या असतात, माप कमी येतं. आणि थंडीत हात उबदार ठेवा.

ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसलं. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड, आधार, मॅपिंगचा रिपोर्ट, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी द्यायची, ते ऑनलाइन मंजुरीला पाठवतात. आमचं अडलं कारण रेशनकार्डावर आईचं नाव माहेरच्या पद्धतीने होतं आणि आधारवर सासरचं. तहसीलमधून दुरुस्ती आणायला निवडणुकीच्या गडबडीत वेळ लागेल म्हणून भीती वाटत होती, पण आरोग्यमित्रांनी प्रतिज्ञापत्र आणि दोन ओळखपत्रं चालवून घेतली. डायलिसिस चालू होण्याआधीच ही नावं एकदा जुळवून बघा, कारण पुढे प्रत्येक गोष्टीला हीच कागदं लागतात. योजनेचं डायलिसिसही त्याच कागदांवर चालू झालं, त्याआधी प्रत्येक वेळचे १,८०० द्यावे लागत होते.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, २२ ला शुक्रवारी ऑपरेशन. डायलिसिसच्या मधला दिवस मुद्दाम घेतला. फक्त हात बधिर करतात, आई पूर्ण जागी होती, दीड तास लागला. बाहेर आल्यावर सर्जननी माझा हात धरला आणि माझी दोन बोटं आईच्या पट्टीच्या वर हलकेच टेकवली. खाली काहीतरी सतत थरथरत होतं, ठोका नव्हे, सलग थरथर. म्हणाले ही थ्रिल, ही रोज सकाळ दुपार संध्याकाळ बघायची, आणि ज्या क्षणी लागणार नाही त्या क्षणी फोन, रात्री दोन वाजले तरी, सकाळची वाट बघायची नाही, कारण गुठळी झाली तर ती उघडायला वेळ फार थोडा असतो. दुसऱ्या दिवशी निकाल लागत होते, बाहेर फटाके, गुलाल, ढोल, आणि मी वॉर्डात आईच्या कोपराला कान लावून बसलेले. आवाजही येतो, शूं शूं असा.

थ्रिल आली म्हणजे फिस्टुला झाला असं आम्हाला वाटलं होतं. तर तसं नसतं. थ्रिल म्हणजे जोड चालू आहे एवढंच. शीर मुळात कमी दाबाची, पातळ भिंतीची, तिच्यात अचानक धमनीचं रक्त सोडलेलं असतं. त्या जोराने ती रुंद व्हायला हवी, भिंत जाड व्हायला हवी, म्हणजे आठवड्यातून तीनदा दोन जाड सुया टोचल्या तरी टिकेल आणि मशीनला मिनिटाला ३०० मिलि रक्त ओढता येईल. काही जणांत हे होतं, काही जणांत जोड चालू राहतो पण शीर तेवढीच राहते. आईकडे बघून सगळे म्हणायचे बाई माणूस, शुगर, बारीक शिरा, अवघड आहे. हे ऐकून ऐकून मी रात्री वाचायला लागले.

वाचून काय कळलं ते थोडक्यात सांगते. मनगटाच्या फिस्टुलाचं ऑपरेशन १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापून जगापुढे मांडलं, म्हणजे जवळपास साठ वर्षं झाली, तरी कुणाचा तयार होईल हे ऑपरेशनआधी खात्रीने सांगता येत नाही. अमेरिकेतला २००८ चा एक मोठा अभ्यास आहे, ८७७ पेशंटचा, त्यात रक्त पातळ करायची क्लोपिडोग्रेलची गोळी देऊन बघितली. गुठळ्या कमी झाल्या पण डायलिसिसला लायक फिस्टुलांचं प्रमाण काही वाढलं नाही, गोळी असो नसो, साधारण ६० टक्के फिस्टुला ठरलेल्या मुदतीत वापरण्याजोगे झाले नव्हते. हा आकडा वाचून मी लॅपटॉप बंद केला होता. टोरांटोच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये गुण देऊन अंदाज करायची पद्धत काढली, वय ६५ च्या वर आहे का, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे का, हृदयाच्या धमन्यांचा आहे का, आणि वंश कुठला. पण नंतर दुसऱ्या ठिकाणच्या पेशंटवर ती लावून बघितली तेव्हा तितकी बरोबर आली नाही. माझं मत असं झालं की वय, बाई-पुरुष, शुगर यावरून गर्दीबद्दल काहीतरी सांगता येतं, समोरच्या एका हाताबद्दल फार कमी. हाताबद्दल हातच सांगतो, ऑपरेशननंतर.

आणि तो बराच लवकर सांगतो. अलाबामाच्या बर्मिंगहॅम विद्यापीठातला २००२ चा अभ्यास मला सगळ्यात उपयोगी वाटला. शीर ४ मिमी किंवा जास्त आणि रक्ताचा फ्लो मिनिटाला ५०० मिलि किंवा जास्त, या दोन्ही गोष्टी असतील तर ९५ टक्के फिस्टुला चालले, दोन्ही नसतील तर फक्त ३३ टक्के. पेशंट थोडेच होते, पण दोन गोष्टी माझ्या डोक्यात बसल्या. एक, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यातल्या मापांत फार फरक नव्हता, म्हणजे जे व्हायचं ते बरंचसं सुरुवातीलाच होतं, नुसतं थांबून चौथ्या महिन्यात चमत्कार होत नाही. दुसरी गोष्ट, अनुभवी डायलिसिस नर्सनी नुसता हात तपासून दिलेला अंदाज ८० टक्के वेळा बरोबर आला. हे वाचल्यावर मी डॉक्टरांपेक्षा जास्त आमच्या युनिटमधल्या सिस्टरांच्या मागे लागले. डॉक्टर लोक आणखी एक नियम सांगतात, सहाचा नियम. सहा आठवड्यांनी शीर ६ मिमी रुंद, कातडीपासून ६ मिमीपेक्षा खोल नाही आणि फ्लो ६०० च्या वर. लक्षात ठेवायला सोपा आहे.

६ डिसेंबरला दोन आठवडे झाले, टाके काढले. मी आग्रह धरला म्हणून सर्जननी स्वतःच डॉपलर लावून बघितलं, पैसे घेतले नाहीत. शीर ३.९ मिमी, फ्लो ३८०. फ्लो दंडातल्या धमनीवर मोजतात, हे माहीत असलेलं बरं, कारण दोन सेंटरनी दोन जागी मोजलं तर आकडे जुळत नाहीत. शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच माणसाकडून करून घ्या. सर्जन म्हणाले वाईट नाही, फार चांगलंही नाही. चेंडू चालू केला. मऊ रबरी चेंडू, दिवसातून चारपाच वेळा दहा-दहा मिनिटं दाबायचा. आई टीव्हीसमोर बसून दाबायची, नातवाने चेंडू पळवला की ओरडायची. डाव्या हातातल्या बांगड्या काढल्या, घट्ट बाह्यांचे ब्लाऊज सैल करून घेतले, त्या कुशीवर झोपायचं नाही, पाण्याची कळशी उचलायची नाही.

या दिवसांत मला सगळ्यात भीती बीपीची वाटायची. डायलिसिसमध्ये पाणी जास्त ओढलं की बीपी पडतं, आणि बीपी पडलं की नव्या फिस्टुलात रक्त मंदावून गुठळी होऊ शकते. एका शनिवारी आईचं बीपी ८० वर आलं, डोळे पांढरे झाले, सिस्टरनी पाय वर केले, सलाईन दिलं आणि त्या गडबडीत पहिल्यांदा फिस्टुलावर हात ठेवून बघितला. थ्रिल होती, पण अगदी हलकी. त्यानंतर ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढून झाल्यावर जे वजन ठेवायचं ते, अर्धा किलो वाढवून घेतलं आणि डायलिसिसच्या दिवशी सकाळची बीपीची गोळी डॉक्टरांना विचारून नंतर द्यायला लागलो.

डिसेंबरच्या शेवटी युनिटमधल्या सगळ्यात जुन्या सिस्टरनी हात नीट तपासला. मला ते बघायचंच होतं म्हणून सविस्तर सांगते, कारण हे घरीही समजून घेता येतं. आधी त्यांनी आईचा हात खाली ठेवून शीर बघितली, मग हात सरळ डोक्याच्या वर धरायला लावला. वर धरल्यावर शीर बसली पाहिजे, बसली म्हणजे पुढे खांद्याकडे रस्ता मोकळा आहे. आईची बसली. मग हात खाली घेऊन त्यांनी दंडावर वरच्या बाजूला बोटाने शीर दाबून बंद केली आणि दुसऱ्या हाताची बोटं खाली जोडाजवळ ठेवली. वर बंद केलं की खाली ठोका जोरात उसळायला हवा. आईचा उसळला नाही, किंचित वाढला एवढंच. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, पुढं काही नाही, पण मागून जोर नाही येत. जोडापाशीच कुठंतरी अरुंद झालंय." आमचं घर द्राक्षबागेचं, आई लगेच म्हणाली, "म्हंजे ड्रिपच्या नळीत तोंडालाच कचरा अडकलाय म्हणा की." सिस्टर म्हणाल्या अगदी तसंच.

३ जानेवारीला सहा आठवडे पूर्ण, परत डॉपलर, या वेळी सेंटरला, २,२०० रुपये. शीर ४.३ मिमी, फ्लो ४३०, खोली ५ मिमी, आणि जोडापासून दोन सेंटिमीटरवर शीर २ मिमीच्या आत आकसलेली. सिस्टरनी बोटांनी सांगितलेलं यंत्राने तंतोतंत दाखवलं. फिस्टुला तयार न होण्याचं हेच सगळ्यात नेहमीचं कारण असतं असं रेडिओलॉजिस्ट म्हणाले, जोडाजवळची शीर ऑपरेशनमध्ये हलवली जाते आणि तिथे भिंत आतून जाड होते. काहींमध्ये मधूनच फुटलेली जादा फांदी सगळं रक्त पळवते, आईला तशी नव्हती.

इथे मात्र दोन मतं आली. एका ठिकाणी दाखवलं तर म्हणाले अजून दीड-दोन महिने थांबा, चेंडू दाबा, होईल. आमचे सर्जन म्हणाले थांबून अरुंद जागा रुंद होणार नाही, उलट एखाद्या दिवशी बंद पडेल आणि मग काहीच करता येणार नाही, आत्ता थ्रिल आहे तोवर शिरेच्या आत बारीक फुगा घालून, तो फुगवून ती जागा रुंद करू. दादा थांबायच्या बाजूला होता, खर्चाचाही प्रश्न होता, कारण हे आमचं योजनेत बसलं नाही. मी दोन्ही डॉपलरचे कागद शेजारी ठेवले, ३८० आणि ४३०, चार आठवड्यांत एवढंच, आणि दादाला दाखवले. तो काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी पैशाची सोय केली. संक्रांत झाली आणि १७ जानेवारीला फुगा घातला. एकूण ३४,००० खर्च, संध्याकाळी घरी. आईला अजून थोडी लघवी होते, म्हणून उरलेल्या किडनीला त्रास नको म्हणून डॉक्टरांनी शीर पडद्यावर दिसण्यासाठी सोडतात ते रंगाचं औषध अगदी कमी वापरलं, हे तुम्हीही आधी सांगा. फुगवताना दुखतं, आईने माझी बोटं पिरगाळली, पण टेबलावरून उतरायच्या आधीच थ्रिल बदललेली होती, बोट न टेकवताही कातडी हलताना दिसत होती.

७ फेब्रुवारीचा डॉपलर: ६.२ मिमी, ७८०.

१८ फेब्रुवारी, मंगळवार, पहिली सुई. पहिल्या वेळी एकच सुई फिस्टुलात, परतीचं रक्त पर्मकॅथमधून, सुई बारीक म्हणजे १७ नंबरची आणि पंप २०० वर. कुणी पहिल्याच दिवशी दोन जाड सुया लावायला लागलं तर नम्रपणे थांबवा आणि सगळ्यात अनुभवी माणूस टोचेल अशी वेळ मागून घ्या, आम्ही त्या जुन्या सिस्टरांची ड्युटी बघून वार ठरवला. बधिर करायचं मलम अर्धापाऊण तास आधी लावून ठेवलं होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एकदा सुई शिरेच्या पलीकडे गेली आणि दंड काळानिळा झाला, फुगला. आई फार घाबरली. बर्फ लावला, आठवडाभर हाताला विश्रांती, तेवढ्यापुरतं पर्मकॅथवर. म्हणूनच फिस्टुला चालू झाल्या झाल्या नळी काढायची घाई करत नाहीत. दोन सुयांवर ओळीने बरीच डायलिसिस नीट झाल्यावर २१ मार्चला पर्मकॅथ काढला. पाडव्याला आईने डोक्यावरून गरम पाणी घेतलं, अर्धा तास न्हाणीघरातून बाहेर आली नाही.

आता १६ नंबरच्या, म्हणजे थोड्या जाड सुया, पंप २८० ते ३००. सुयांची जागा दरवेळी थोडी सरकवायला सांगतो, कारण एकाच जागी टोचलं की टेक्निशियनला सोपं पडतं पण तिथे फुगवटा येतो. गार हवेत डाव्या हाताची बोटं कधी कधी गार लागतात, दुखत नाहीत, नखांचा रंग ठीक आहे, डॉक्टरांना दाखवलंय, लक्ष ठेवा म्हणाले. अरुंद झालेली जागा परत आकसू शकते, म्हणून दर तीन महिन्यांनी फ्लो मोजतोय, मे महिन्यातला ८२० होता. सुई काढल्यावर रक्त थांबायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला, किंवा मशीनवर परतीचं प्रेशर चढायला लागलं तर तीन महिने थांबायचं नाही, लगेच डॉपलर करायचा, असं सिस्टरनी वहीत लिहून दिलंय. त्या वहीत आम्ही प्रत्येक डायलिसिसचं वजन, बीपी, पंप आणि ते प्रेशर लिहितो, दोन मिनिटांचं काम आहे, आणि पुढचा डॉपलर ऑगस्टमध्ये आहे.